तेरावा रंग

तिघा भावंडांच्या लाँड्रीत बारा गिऱ्हाइकं होती, आणि तेरावं का नव्हतं याचं कारण ऐकलंत तर कपाळाला हात लावाल. दोऱ्याचे रंग संपले होते. पंधरा वर्षांपूर्वी थोरल्या ताईने चादरी ओळखायची युक्ती काढली. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे चार टाके. हिरवा दवाखान्याचा, निळा लॉजचा, पिवळा वसतिगृहाचा, असं करत बारा. तेरावा रंग आणून पाहिला होता, पण दोन धुण्यांत तो गुलाबी होता की नारिंगी हे कुणाला सांगता येईना. तेव्हापासून दारात आलेल्या नव्या माणसाला ‘सध्या जागा नाही’ असं सांगून परत पाठवायचे.

धंदा वाढवायचा यावर तिघांचं एकमत होतं. कसा वाढवायचा, यावर मात्र वर्षभर जेवताना खडाजंगी चालली होती. दादाचं म्हणणं, पुलापलीकडे दुसरी शाखा काढू, म्हणजे तिथे हेच बारा रंग पुन्हा वापरता येतील. हे तो नकाशा पसरून अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा. धाकटीला हसावं की रडावं कळायचं नाही. तिला हवं होतं ते मशीन. चादरीत बटणाएवढी चिप शिवायची, चादर स्कॅनरखालून सरकवली की मालकाचं नाव पडद्यावर येतं. मग गिऱ्हाइकं बारा असोत नाहीतर बाराशे. पण पैसे दोन्हींपैकी एकालाच पुरणार होते, आणि शेवटचा शब्द ताईचा.

अशात दोनशे खोल्यांच्या एका हॉटेलचा मॅनेजर आला. त्याला आज दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही ऐकायचं होतं. दादाची शाखा उभी राहायला वर्ष गेलं असतं, तेवढा तो थांबतोय कशाला? मशीन मिळालं तरच हॉटेल मिळणार, हे धाकटीला लख्ख दिसत होतं. मशीन आठवडाभरासाठी चाचणीला आणलं होतं आणि धाकटीने तीनशे चादरींत चिपा शिवून ठेवल्या होत्या. ताईने अट घातली, एकच. आज सहाशे चादरींची वाटणी दोन्हीकडून होईल. मशीनची एक जरी चादर भलत्या ढिगात गेली, तरी मशीन परत आणि दादाची शाखा पक्की.

नऊला सुरुवात झाली. तीनशे चादरी दादाकडे, तीनशे धाकटीकडे. दादाच्या बाजूला इस्त्रीवाल्या मावशी टाके बघून चादरी फेकत होत्या, आणि त्यांचा हात असा चालत होता की बघत राहावं. धाकटीच्या बाजूला स्कॅनर टुक टुक वाजत होता. तिचं काळीजही त्याच तालावर उडत होतं. शंभर झाल्या, दीडशे झाल्या. ड्रायव्हर गाडी सोडून आत येऊन उभा राहिला. दहा वाजून पाच मिनिटांनी धाकटीची शेवटची चादर ढिगात पडली, तेव्हा दादाच्या निम्म्यासुद्धा झाल्या नव्हत्या. धाकटीने आनंदाने जागच्या जागी उडी मारली, चाळिशीची बाई असून.

आता तपासणी. ढीग तपासायचं काम दादाचं, आणि तो कसला सोडतोय. दवाखान्याच्या ढिगात त्याने एक कोपरा उलटला आणि थांबला. टाके निळे होते. लॉजची चादर दवाखान्यात. त्याने ती सगळ्यांसमोर उंच धरली आणि मावशींनी ‘अगं बाई’ केलं.

धाकटीने चादर हातात घेतली. करकरीत कोरी होती. अशा कोऱ्या चादरी गेल्याच आठवड्यात आल्या होत्या, दहा, दवाखान्याने नव्या घेतलेल्या. गठ्ठा तिने स्वतः फोडला होता. चिपा तिने शिवल्या, टाके ताईने. तिने ढिगातून कोऱ्या चादरी भराभर ओढल्या. दहाच्या दहा तिथेच होत्या. सात चादरींवर हिरवे टाके, तीन चादरींवर निळे.

मशीन चुकलं नव्हतं. चुकली होती ताई.

मग एकेक गोष्ट धाकटीच्या ध्यानात येत गेली. वर्षभर दवाखाना चादरी कमी येतात म्हणून ओरडत होता. लॉजवाल्याने मात्र जास्त येतात म्हणून कधी तक्रार केली नाही, कोण करतं? आणि ताई अलीकडे दोऱ्याची पेटी खिडकीत नेऊन बसायची. धाकटीने वळून पाहिलं. ताई खुर्चीत ताठ बसली होती, सहाशे चादरींसमोर, सगळ्या कामगारांसमोर. धाकटीने ठरवून टाकलं. हॉटेल गेलं तर गेलं.

“माझ्याच हातून चिपा चुकल्या असतील,” ती म्हणाली.

“खोटं बोलू नकोस.” ताई उठली. चादर घेऊन ती खिडकीशी गेली, टाके डोळ्यांजवळ धरले, मग लांब धरले. “वर्ष झालं, मला हिरवा आणि निळा एकच दिसतो. सांगितलं असतं तर सुई काढून घेतली असती तुम्ही माझ्या हातातून.”

दादाने ताईच्या हातातली चादर हळूच काढून खाली ठेवली. धाकटी जाऊन ताईला बिलगली. मग ताईनेच तिला बाजूला केलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

फोन ताईने स्वतः लावला. मॅनेजरला एवढंच म्हणाली, “जागा आहे.” फोन ठेवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते, आणि ती चक्क हसत होती. तिने टेबलाचा खालचा खण ओढला आणि एक जाड वही धाकटीच्या हातात दिली. पंधरा वर्षांत जागा नाही म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येकाचं नाव आणि नंबर त्यात होता. धाकटी पानांमागून पानं उलटत गेली.

दादाने घसा खाकरून विचारलं, त्याच्या शाखेचं काय. ताई म्हणाली, काढू की, ही वही संपेपर्यंत तुझी शाखा लागणारच आहे, फक्त तो रंगांचा नकाशा पुन्हा पसरू नकोस.

मग ती धाकटीकडे वळली. “पण पहिला फोन वहीतला नको. आधी दवाखान्याला लाव. त्यांच्या चादरी परत द्यायच्यात, आणि मला डोळे दाखवायचेत.”