बेलवरचं नाव

"तारीख आजचीच टाकतो हं, काका," रोहन म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

दिनकर नेरूरकरांनी नुसती मान हलवली. त्यांची मुलगी मुक्ता चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जेवणाच्या टेबलावर मराठी मंडळाच्या घटनेचे कागद पसरले होते. शेवटच्या पानावर सात सह्या होत्या. त्यातली दुसरी मुक्ताच्या आईची होती.

आईला जाऊन दोन महिने झाले होते.

"थांब," मुक्ता म्हणाली. "हे पान कधीचं आहे?"

"पाडव्याचं," शुभदाताई सोफ्यावरूनच म्हणाल्या. "आम्ही सगळे इथेच जमलो होतो. म्हटलं, साडेतीन मुहूर्तांतला एक, पंचांग उघडायलाही नको. सह्या करून टाकू, कागदाचं काय ते मागाहून होईल."

"आणि तारीख?"

"तारीख रिकामी ठेवली," रोहन म्हणाला. तो इथल्याच मोटारींच्या कारखान्यात होता आणि प्रत्येक कामाची एक्सेल शीट करायचा. "मसुदा आधी फिनान्सआम्टच्या करवाल्यांना दाखवायचा होता ना. त्यांनी दोनदा बदल करायला लावले. त्यामुळे स्थापनेची सभा रखडली, ती आज. पण सह्यांचं पान तेच आहे. सात सह्या लागतात कोर्टातल्या नोंदणीला, सात आहेत. आल्झो, पास्ट. जमलं की."

मुक्ताने ट्रे खाली ठेवला. हॅम्बर्गला एका नोटरीच्या ऑफिसात गेली अकरा वर्षं ती लोकांच्या सह्या बघत होती. आधी ओळखपत्र बघायचं, मग माणसाचा चेहरा, मग सही करणारा हात. घराची, दुकानाची, कुठल्या कुठल्या संस्थांची कागदपत्रं तिच्या टेबलावरून पुढे जात. तिच्या नोकरीत सांगण्यासारखं एवढंच होतं. आई मात्र नाशिकला फोन केला की सांगायची, "आमच्या मुक्तीने बघितल्याशिवाय हॅम्बर्गात घर विकता येत नाही कुणाला."

"रोहन, आजची तारीख टाकू नकोस," ती म्हणाली. "आजच्या तारखेला आई सही करू शकत नाही."

कायझर्सलाउटर्नला पीएच.डी. करणारी अश्लेषा आणि विष्णू ही दोघं तिथून आली होती. त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. शुभदाताईंचे यजमान श्रीनाथ चहाचा कप उचलून उगाचच फुंकर घालत राहिले.

"अगं, कोण बघतंय?" रोहन हळू आवाजात म्हणाला. "कोर्टातल्या बाईला काय माहीत, कोण आहे आणि कोण नाही?"

"मी बघतेय ना."

"राहू दे की ते नाव," दिनकर म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलंच पूर्ण वाक्य होतं. "मंडळ तिने उभं केलं. तिचं नाव नसेल तर माझंही घालू नका."

आणि ते खरं होतं.

नेरूरकर जर्मनीत नेकारसुल्मला आले तेव्हा मुक्ता तीन वर्षांची होती. दिनकर कारखान्यात लागले. मुक्ताच्या आईला, मालिनीबाईंना, वर्षभराने इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळालं. दिवसभर गरम चादरींच्या घड्या घालायच्या, समोरचं टोक धरायला कधी एक क्रोएशियन बाई असे, कधी एक रशियन. बोलायला भाषा नव्हती. संध्याकाळी बस न पकडता त्या चालत घरी येत, रोज वेगळ्या रस्त्याने. इथे दारावर आडनाव असतं हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बेलच्या बटणाशेजारी आडनावांच्या चिठ्ठ्या, एकाखाली एक. त्या वाचत वाचत त्या घरी येत.

एखादं आपलं आडनाव सापडलं की ते वहीत उतरायचं. रविवारी दुपारी चार वाजता, चिवड्याचा डबा एका हातात आणि मुक्ताचा हात दुसऱ्या हातात धरून, त्या ती बेल वाजवायच्या. दार उघडलं की म्हणायच्या, "मी नेरूरकर. तुमचं नाव वाचलं बेलवर."

शुभदाताई अशाच सापडल्या होत्या. "डोक्याला तेल, अंगावर गाऊन, आणि दारात ही बाई चिवडा घेऊन उभी," हे त्या आजवर शंभरदा सांगून चुकल्या होत्या. एकदा आपलंच आडनाव समजून साकार नावाची बेल वाजवली तर दारात तुर्की आजी. आजीने आत बोलावलं, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात खाऊ घातला, आणि पुढे नऊ वर्षं मंडळाचा गणपती त्या आजीच्या भावाच्या गॅरेजमध्ये बसला. तेव्हा मंडळ म्हणजे नेरूरकरांच्या बैठकीच्या खोलीतलं हळदीकुंकू, खिडकीत टांगलेला दिवाळीचा कंदील आणि मालिनीबाईंची वही. आता व्हॉट्सअॅपवर साठ कुटुंबं होती. पण नोंदणी नव्हती, आणि नोंदणी नाही म्हणून चार वर्षं गणपतीला गावातला हॉल मिळत नव्हता. यंदाच्या अर्जाची मुदत उद्या सोमवारी संपत होती, आणि त्याला निदान स्थापनेचे सह्या झालेले कागद जोडायचे होते. पेंटेकोस्टच्या सुट्ट्यांमुळे निम्मी कुटुंबं भारतात, बरीचशी इटलीत. मागे राहिलेल्यांपैकी दोघांनी आधीच विचारून घेतलं होतं, "सही केली तर व्हिसाला काही होणार नाही ना?" त्यानंतर ते फिरकले नव्हते.

मुक्ताला त्या रविवारांची लाज वाटायची. दहा वर्षांची असताना ती फाटकाबाहेरच उभी राहायची आणि जर्मनमध्ये म्हणायची, आई, हे पाइनलिश आहे. ओळख ना देख, लोकांच्या घरी कोण जातं? आई मराठीत उत्तर द्यायची, "जाऊन आलं की ओळख होते." पुढे मुक्ता हॅम्बर्गला गेली. मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला ती आली नव्हती. दर वेळी सुट्टी नसायची.

"बरं, मग मार्ग काय?" श्रीनाथ म्हणाले. "सातवा माणूस आणायचा कुठून? साकार आजीला विचारू?"

"आजी वारल्या हो," शुभदाताई म्हणाल्या. "काहीतरी काय." मग त्या मुक्ताकडे वळल्या. "तू कर ना सही. तू काय परकी आहेस?"

"मी इथे राहत नाही, शुभदामावशी."

"राहायला कशाला पाहिजे?" अश्लेषा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली. "कायद्यात तसं काही नाहीये. आम्ही तरी कुठे इथे राहतो?"

"ती करणार नाही," दिनकर म्हणाले. "तिला मंडळ कधी नकोच होतं. फक्त चूक दाखवायला आली आहे." ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. दार त्यांनी आपटलं नाही. नेहमीसारखं हलकेच लावून घेतलं, आणि ते मुक्ताला जास्त लागलं.

ती थोड्या वेळाने आत गेली. ते खिडकीशी उभे होते. खिडकी उघडी होती. ओट्यावर पेढ्यांचा खोका, त्यावरची दोरी सोडलेली नव्हती.

"बाबा."

"पाडव्याला पेन धरवत नव्हतं तिला," ते बाहेर बघत म्हणाले. "केमोने बोटं बधिर झाली होती. सकाळी लवकर उठून बसली. वर्तमानपत्राच्या कडेला सही गिरवत होती, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, अगं, अंगठा दे. तर म्हणते, अहो, सरकारी कागद आहे तो, पोरं हसतील."

मुक्ता ओट्याला टेकून उभी राहिली.

"अस्थी आपण नाशिकला नेल्या. ते बरोबरच केलं, तिला तसंच हवं होतं. पण इथे काय राहिलं तिचं? थडगं नाही, दगड नाही. विम्याचं कार्ड परत पाठवलं. बँकेने खात्यावरून नाव काढलं. पेन्शनवाल्यांनी काढलं. लायब्ररीने काढलं. सगळे फॉर्म तूच भरलेस ना? दोन महिने आपण दोघं एकेका ठिकाणाहून तिचं नाव काढत आलोय. एका कागदावर राहत होतं, तर तिथेही तूच."

फॉर्म तिनेच भरले होते. हॅम्बर्गहून, जेवणाच्या सुट्टीत, सुवाच्य अक्षरात. प्रत्येक पाकिटात मृत्यूचा दाखला घातला होता. बारा प्रती मागवल्या होत्या त्याच्या, त्यातली एक अजून तिच्या पर्समध्ये होती.

"बाबा, आईची सही खरी आहे," ती म्हणाली. "पाडव्याला तिने ती स्वतःच्या हाताने केली. त्यावर आजची तारीख पडली की ती खोटी होईल. उद्या कुणी विचारलं, ही बाई सभेला हजर होती का, तर तुम्ही काय सांगाल? मी रोज असले कागद परत पाठवते. आईचा कागद कुणी तसा परत पाठवलेला मला चालणार नाही."

दिनकरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. आयुष्यभर त्यांनी इंजिनचे भाग मोजून बघितले होते. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला की भाग बाजूला ठेवायचा, कितीही देखणा असला तरी.

"मग सातवं कोण?" त्यांनी विचारलं.

"मी करते."

"हॉलसाठी?"

"हॉलसाठी करते असं समजा."

दोघं बाहेर आली. रोहनने सह्यांचं नवं पान छापलं. जुनं पान त्याने दोन्ही हातांनी उचलून दिनकरांसमोर धरलं. त्यांनी ते घेतलं, घडी घातली नाही. कपाटातून मालिनीबाईंची बेलवरच्या नावांची वही काढली आणि तिच्यात ते ठेवलं. पान वहीपेक्षा मोठं होतं, कडा बाहेर राहिल्या.

"आज मुहूर्त काय आहे पण?" शुभदाताईंनी सवयीने विचारलं.

"रविवार आहे," दिनकर म्हणाले. "चार वाजत आलेत."

शुभदाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "मग चांगलाच आहे."

सभा पंचवीस मिनिटांत झाली. घटना वाचली, हात वर झाले, दिनकर अध्यक्ष झाले, शुभदाताई उपाध्यक्ष. "घरातही मीच उपाध्यक्ष असते," त्या म्हणाल्या. श्रीनाथ म्हणाले, "असं बाहेर सांगावं लागतं." पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. विष्णूने इतिवृत्त जर्मनमध्ये लिहिलं आणि प्रत्येक वाक्याला अश्लेषा "गेनाऊ" म्हणून दुजोरा देत राहिली. सगळ्यांच्या सह्या झाल्या. मुक्ताची पाळी आली तेव्हा तिने सवयीने आधी पर्समधून स्वतःचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

"आम्ही ओळखतो गं तुला," रोहन म्हणाला. "मालिनीकाकूंची तू."

तिने सही केली. पेढे फिरले.

"पत्ता कुठला देऊ मंडळाचा?" विष्णूने विचारलं.

"हाच," दिनकर म्हणाले.

"मग खाली नाव लावायला हवं," मुक्ता म्हणाली. "पत्रपेटीवर मंडळाचं नाव नसेल तर कोर्टाचं पत्र परत जातं. आमच्या ऑफिसात बघितलंय मी, अशी कितीतरी गेलीयेत."

सगळे निघायलाच आले होते, त्यामुळे सगळेच खाली उतरले. दाराबाहेर भिंतीत पत्रपेट्यांची चौकट होती, प्रत्येक पेटीवर बेलचं बटण आणि शेजारी प्लॅस्टिकखाली नावाची चिठ्ठी. वरून तिसरी त्यांची. चिठ्ठीवर मालिनीबाईंच्या अक्षरात दोन ओळी होत्या. पहिली रोमन लिपीत: एम. आणि डी. नेरूरकर. खाली बारीक देवनागरीत नुसतं नेरूरकर. ती दुसरी ओळ कशाला, असं मुक्ताने लहानपणी विचारलं होतं. आई म्हणाली होती, "माझ्यासारखं कुणी वाचत चाललं असेल तर?"

"मी नवीन चिठ्ठी टाइप करून आणू का, काका?" रोहनने विचारलं. "सगळं नीट एका फॉन्टमध्ये—"

"नको."

दिनकरांनी नखाने प्लॅस्टिक सोडवलं, चिठ्ठी बाहेर काढली. भिंतीवर टेकवून आधी पेन्सिलीने आखली. खाली अर्धा सेंटिमीटर जागा होती. त्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये त्यांनी ड्रॉइंगवर लिहितात तशा सुट्या, सरळ अक्षरांत मंडळाचं नाव लिहिलं. वरच्या दोन ओळींना पेन लागू दिलं नाही.

"पोस्टमनला दिसेल ना?" त्यांनी विचारलं.

"दिसेल," मुक्ता म्हणाली.

अश्लेषा आणि विष्णू स्टेशनकडे गेले. शुभदाताईंनी मुक्ताचा गाल कुरवाळला, श्रीनाथ गाडी काढायला गेले, रोहन कागदांची फाइल छातीशी धरून सायकलवर बसला. चौकटीपाशी बापलेक दोघंच राहिली.

दिनकरांनी चिठ्ठी जागेवर सरकवली, प्लॅस्टिक दाबून बसवलं, बाहीने पुसलं. उघडलेली वस्तू पुन्हा जोडली की चालवून बघायची, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी बटण दाबलं.

वर दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून, रिकाम्या घरात बेल वाजलेली दोघांना स्पष्ट ऐकू आली. दोघंही वर बघत उभी राहिली.