बाशिंग्याची खांदेमळणी

प्रज्वलनं कुऱ्हाड गोठ्याच्या दारात आपटली आणि बैलाकडे बोट केलं.

"हा आज मरते. उद्या पोळा असो नाहीतर काही असो."

बाशिंग्या रवंथ करत होता. आठ दिवसांपूर्वी याच गोठ्यात त्यानं प्रज्वलच्या वडिलांच्या, तुळशीरामच्या पोटात शिंग खुपसलं होतं. तेव्हापासून त्याला कुणी कामाला जुंपलं नव्हतं, त्यामुळे त्याची तब्येत चांगलीच सुधारली होती.

"बैल मारला तं तूच जेलात जाशीन, लेका," चुलते कारभारी म्हणाले. "कायदा हाय."

"आन यानं माह्या बापाले मारलं, तं हा कोन्त्या जेलात गेला?"

पोलीस येऊन गेले होते. त्यांनी मयताचं वय, बैलाचा रंग आणि बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहून घेतला होता. मयताला नंबर नव्हता.

शेजारच्या वच्छलाबाईंची अडचण वेगळी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात, त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. पण घरात सुतक.

"सुतक मानसाले. बैलाले कायचं?" त्या म्हणाल्या.

"पन सुतक लावलं त्यानंच ना, बाई!" कारभारी म्हणाले.

"लावलं म्हनून काय झालं? घरचाच हाय तो."

"घरचा हाय तं त्यालेबी सुतक!"

"बंद करा!" प्रज्वल ओरडला. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. "बाप गेला माहा! आन तुमी बैलाच्या सुतकावर भांडून राह्यले!"

तेवढ्यात मंजुळाबाई हळद-तुपाची वाटी घेऊन बाहेर आल्या. नवरा गेल्यापासून त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. लेकाला बाजूला सारून त्या गोठ्यात शिरल्या आणि बैलाचा खांदा मळू लागल्या. बाशिंग्यानं मान खाली घातली.

"आई, सरक तिथून!"

त्या सरकल्या नाहीत. तुपाचा हात पाठीवरून मागे गेला, तशी बैलाची कातडी थरथरली. शेणाचा पोपडा त्यांनी नखानं काढला. खाली चार भोकं होती. पिकलेली.

"हे टोचे आठ-दहा दिसाचे हाय," त्या म्हणाल्या.

"बाबानं टोचले असतीन."

"श्रावन लागला की तुहे बाबा खिळ्याची काठी हातात धरत नव्हते."

"हाव," वच्छलाबाई म्हणाल्या. "श्रावनात तं तो बैलाले शिवीबी देत नव्हता. साऱ्या बायकोले देये."

कुणी हसलं नाही. कारभारी प्रज्वलकडे बघत राहिले.

"त्या दिशी वावरात डवऱ्याले जुपाले बैल कोन काढून राह्यलं होतं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"उठत नव्हता तो!" प्रज्वल किंचाळला. मग त्याचा आवाज आणखी चढला. "मी पाहून घेतलं असतं त्याले! बाबा काऊन मधात आले? कोनं सांगतलं होतं मधात यायले?"

गल्लीतलं एक पोरगं डोकावलं आणि पळून गेलं.

मंजुळाबाईंनी वाटी त्याच्यापुढे धरली.

"इकडचा खांदा तू मळ."

प्रज्वल दोन पावलं पुढे आला. आठ दिवस अख्ख्या गावाला न घाबरलेला बैल दावं ताणत मागे सरकला आणि भिंतीला चिकटला.

मंजुळाबाईंनी ते पाहिलं. वाटी मागे घेतली नाही.