बावीस किलोंची चढण

मी एक सॅक बोलतेय. पाठीवर घ्यायची, आत ॲल्युमिनियमची चौकट असलेली. दुकानात दीड वर्ष वरच्या खुंटीला लटकत होते. गिऱ्हाइकं मला उचलून बघायची आणि म्हणायची, "बापरे, रिकामीच एवढी जड!"

एका सकाळी सासरा-सून आले. सासऱ्यांनी जन्मभर डोंगरावर ओझी वाहिलेली, आता गुडघे रुसलेले. सून शिवणकाम करायची. तिचा नवरा डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात एकटा राहायचा. तीन दिवस त्याचा वायरलेस मुका होता. बॅटरी बसली असेल, असं सगळे म्हणत होते. नक्की बसली, असं कुणीच म्हणत नव्हतं. दरडीमुळे खेचरांची वाट बंद होती. बावीस किलोंची नवी बॅटरी पायवाटेनंच न्यायची होती.

"बाबा, ही निळी हलकी आहे."

"हलकी घे आणि अर्ध्या वाटेत खांदे धरून बस. वजन कमरेवर बसायला हवं. ती वरची काढा हो."

दुकानदारानं माझ्यात वाळूच्या पिशव्या भरल्या. सुनेनं मला घेऊन जिन्याच्या दहा फेऱ्या मारल्या. सासऱ्यांनी पट्टे आवळले, सैल केले, पुन्हा आवळले. माझ्या कमरपट्ट्याची डावी शिवण उसवत आली होती. सांगणार कशी? पण शिवणारीचीच बोटं ती! तिनं तिथंच दुहेरी दोऱ्यानं टाके घातले.

माझ्यात बॅटरी भरून आम्ही निघालो; धाकटा दीर दोर घेऊन पुढे, ती मागे. दुपारी भुसभुशीत उतारावर तिचा पाय सटकला. सगळा भार डावीकडे आला. कट्, कट्! दोन टाके गेले.

"वहिनी, बॅटरी टाका! जीव वाचवा!"

"टाकली तर वर जाऊन त्यांना तोंड दाखवू फक्त?"

मी उरलेल्या टाक्यांना घट्ट धरून होते. चौकट वाकली, पण तुटली नाही. ती चार पायांवर रांगत वर आली.

केंद्राचं दार बंद होतं. तिनं हाक मारली. दारावर थाप मारली. पुन्हा हाक मारली, तेव्हा आतून बारीक आवाज आला, "दार ढकल. मला उठता येत नाहीये."

बॅटरी जोडली. वायरलेस खरखरला. डोंगराखालच्या चौकीत वायरलेसपाशी सासरे कानात प्राण आणून बसले होते.

"बाबा, यांचा पाय मोडलाय. बाकी जिभेसकट शाबूत आहेत."

पलीकडे बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

चौकीतून माणसं आली आणि त्याला डोलीतून खाली घेऊन गेली. पाय जुळल्यावर तो पुन्हा वर राहायला गेला. खेचरांची वाट अजून बंदच आहे, म्हणून दर महिन्याला त्याचं सामान घेऊन आम्ही दोघी चढतो. माझा रंग उडालाय, चौकट डावीकडे कलली आहे. तुम्ही सॅक घ्यायला गेलात, तर लाजू नका. दुकानातच ओझं भरा, चाला, जिने चढा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

आता निघते. तिनं मला पाठीवर घेतलंय, आणि समोर ढग पायवाटेवर उतरू लागलेत.