माहेरच्या नावाचा रकाना

अकोटच्या चंदाताईंचं पत्र मला गेल्या आषाढात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र लहानसंच होतं. 'माझी आई कौशल्या नत्थुजी. मी सहा वर्षांची असताना गेली. घरात तिचा फोटो नाही. तिची भुलाबाईची गाणी तुमच्याकडे टेपवर आहेत आणि लहानपणीचा एक फोटो अकोल्याच्या संग्रहात आहे, असं मामा सांगायचे. मिळेल का?'

अमरावतीच्या आमच्या लोकगीत संग्रहात मी छत्तीस वर्षं कार्डं लिहिली. निवृत्तीनंतरही जातो. टेप आमच्याकडे, फोटो अकोल्याच्या संस्थेकडे. नोंदींची पद्धत वेगळी, संगणक वेगळे. दोन्हीकडे एकदम शोधता यावं म्हणून अपेक्षा नावाची इंजिनीअर मिडलवेअर लिहीत होती.

"काका, कोणाचं काही हलवाचं नाही," तिनं मला सांगितलं होतं. "आपण एकदाच विचाराचं. हे मधलं सॉफ्टवेअर अकोल्याले त्यांच्या पद्धतीनं विचारते, आपल्याले आपल्या. उत्तरं एका स्क्रीनवर आणून ठेवते."

मी 'कौशल्या नत्थुजी' टाकलं. टेप आली. अकोल्याकडून काहीच नाही.

टेप ऐकली. गाण्याआधी माझाच तरुण आवाज नाव विचारतो. बाई म्हणते, "आता कौशल्या. माहेरी शेवंता, दहीहांड्याच्या देवमनची पोर. लग्नात नाव बदलवलं ना जी." आणि हसते. माझ्या कार्डावर मात्र फक्त कौशल्या. नावाला रकाना एकच होता, त्यात मी सासरचं लिहून मोकळा झालो होतो. हे त्या लेकीला कसं लिहायचं? पत्र खणात गेलं.

मग मी बाकीच्या टेपाही ऐकायला घेतल्या. सात महिने लागले. दोनशे बारा बायकांनी माहेरचं नाव सांगितलं होतं आणि मी एकाही कार्डावर घेतलं नव्हतं. अपेक्षानं त्या नावांचा वेगळा रकाना जोडला, म्हणजे अकोल्याला तेही नाव विचारलं जाईल. पुन्हा कौशल्या टाकलं, तर टेपेशेजारी अकोल्याचा फोटो उभा राहिला: 'शेवंता देवमन, दहीहांडा, १९६१'. भुलाबाईची मातीची मूर्ती हातात धरलेली, दोन वेण्यांची पोर. नोंद जुळली असेल तरच अकोल्याची संस्था नातेवाइकांना फोटोची प्रत देते. आता जुळली होती.

दुसऱ्याच दिवशी आमच्या संग्रहाच्या सचिवांनी मला आणि अपेक्षाला बोलावलं.

"कमलाकांतजी, हा नवा रकाना काहाले? अकोल्यात नाही, कुठंच नाही. काढून टाका."

"टेपवर आहे," मी म्हणालो.

"एका माणसाची दोन-दोन नावं! लोकं हसतीन. तुमी कार्डं लिवणारे, सॉफ्टवेअरमंदी डोकं कावून घालून राहिले?"

एरवी मी 'बरं' म्हणून उठलो असतो. तसा छत्तीस वर्षं उठतच आलो होतो.

"माणसाची नाहीत, बाईची आहेत," मी म्हणालो. "नाव तिनं नाही बदललं. आपण बदललं, आणि मग पहिलं लिहायचंही टाळलं. मी टाळलं. रकाना काढायचा असेल तर माझी चार हजार कार्डंही काढा. तीही एका कार्डं लिहिणाऱ्याचीच आहेत."

"धमकी देऊन राहिले काय?"

"हो."

सचिवांनी अपेक्षाकडे पाहिलं. ती लॅपटॉप मिटत म्हणाली, "सर, तो रकाना मी तं नाही काढत. दुसरा इंजिनीअर पाहा."

मीही खुर्चीतून उठलो नाही.

"राहू द्या मंग," सचिव म्हणाले. "कोणी विचारलं तं उत्तर तुमी द्याचं."

"देईन."

आठवड्यानं अकोल्याहून फोटोची प्रत आली. मी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: 'चंदाताई, उशीर माझ्या चुकीमुळे झाला. तुमच्या आईचं माहेरचं नाव मी लिहिलं नव्हतं, आता लिहिलं आहे. सोबत फोटो आणि पेनड्राइव्ह. गाण्याआधी त्या बोलतात आणि हसतात, तेही ठेवलं आहे.' पाकिटावर पत्ता घालून मी हेड पोस्टात गेलो आणि ते स्पीड पोस्टनं पाठवलं.