दोघींच्या मापाची मच्छरदाणी

आत्याने दोन्ही नळ्यांवरचे क्रमांक तिसऱ्यांदा ताडून पाहिले आणि मनातल्या मनात स्वतःला चार शब्द सुनावले. नळ्यांची अदलाबदल झाली होती, दुसरं काय! एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या बाईकडून अशी चूक व्हावी, आणि तीही सख्ख्या भाच्यांच्या रक्तात.

भाच्या जुळ्या होत्या. थोरली बारा मिनिटांनी मोठी, आणि त्या बारा मिनिटांचा रुबाब ती आठ वर्षं मिरवत आली होती. दोघींचा बाप, आत्याचा भाऊ, तलावाचं पाणी सोडायच्या दारांवर कामाला, म्हणून थोरली आईबापांजवळ तलावाकाठी वाढत होती. धाकटीला मात्र चौथ्या वर्षी एकाच हंगामात तीनदा मलेरिया झाला. तिसऱ्या खेपेला झटके आले, तेव्हा आत्या तिला उचलून शहरात आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी घेऊन आली, चार महिन्यांसाठी म्हणून. त्याला आता चार वर्षं झाली होती, आणि उद्या भाऊ आणि वहिनी तिला न्यायला येणार होते.

तलावाकाठच्या आणि शहरातल्या मुलांच्या रक्ताची तुलना सध्या प्रयोगशाळेत चालू होती. लहानपणी टोचलेल्या लसींचा जोर कुणात किती उरलाय, मलेरियाशी झुंजायची तयारी कुणात किती आहे, ते पाहायचं होतं. थोरली दिवसभर चिखलात हुंदडणारी, दगड पचवेल अशी. धाकटी जरा वारा लागला की शिंकणारी. आणि कागद म्हणत होता, गोवराच्या लसीचा जोर धाकटीत भरपूर आणि थोरलीत जेमतेम.

आत्याने तपासणी पुन्हा केली. आकडे जागचे हलले नाहीत. मग मलेरियाशी झुंजायच्या तयारीचे आकडे आले. थोरलीचा चांगला दणदणीत, धाकटीचा जवळजवळ नाहीच. नळ्या बदलल्या असत्या तर हेही उलटं आलं असतं.

"चूक नाहीये तुमची," प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या. "थोरलीचं अंग सारखं तापाशी भांडत असतं. लसीने शिकवलेलं त्या धांदलीत कच्चं राहत असावं. नक्की आत्ताच सांगत नाही, अजून चारशे नळ्या बाकी आहेत. तिला एक डोस पुन्हा द्या."

"आणि धाकटी?"

"ती चार वर्षं डासांपासून लांब आहे. जे थोडंफार शिकली होती ते विसरली. तलावाकाठी गेली तर तिला ताप जोरात येऊ शकतो, सांभाळायला हवं."

आत्याला आनंद झाला. लाज वाटावी इतका आनंद झाला. धाकटीला का पाठवू नये याचं कारण आता तिच्या हातात होतं, आणि त्यावर सहीशिक्का होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आले. थोरलीने पायातल्या चपला दोन दिशांना भिरकावल्या आणि धाकटीच्या पलंगावर उडी मारली. वहिनीने पिशवीतून निळा फ्रॉक काढला. तो तिने स्वतः शिवला होता.

"घालून बघ गं. थोरलीच्या मापावर बेतलाय. तुम्ही दोघी सारख्याच."

धाकटीने फ्रॉक घातला. तो गुडघ्याच्या चांगला चार बोटं वर राहिला आणि काखेत रुतला. वहिनीने तो खाली ओढून पाहिला, पुन्हा ओढला. मग ती फ्रॉकची झालर कुरवाळत बसली.

आत्याने घाईघाईने कागद काढला आणि सगळं सांगितलं. भाऊ ऐकत राहिला. मग त्याने बायकोकडे न बघताच विचारलं, "म्हणजे ताई, ही इथंच बरी, असंच ना?"

हो म्हणायचा अवकाश होता. आत्याने तोंड उघडलंही. पण वहिनीचा हात अजून त्या झालरीवर होता.

"नाही," आत्या म्हणाली. "असं कागदात कुठं लिहिलंय? थोरलीला आधी लस द्यायची, उद्याच. आणि हिला रोज मच्छरदाणीत झोपवायचं. अंग जरा कोमट लागलं तरी त्याच दिवशी रक्त तपासायचं, बघू उद्या म्हणायचं नाही. एवढं केलंस तर घेऊन जा."

"एवढंच?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

"एवढंच काय, पुष्कळ आहे ते. तुझा नवरा तीन दिवसांत विसरेल."

"मी बरा विसरेन!" भाऊ म्हणाला, आणि सगळेच हसले.

आत्या आतल्या खोलीत गेली. पेटीच्या तळाशी, जुन्या शालींखाली एक मच्छरदाणी होती. ती बाहेर आणून तिने पलंगावर पसरली. चांगली रुंद होती, दोघींना ऐसपैस पुरेल अशी.

"परवा पुन्हा औषधात बुडवून वाळवलीय," ती म्हणाली. "तुमच्याकडच्या खाटेच्या मापाची आहे."

"अगं बाई, किती सुबक!" वहिनीने काठ हातात घेतला. "एवढ्यात कधी शिवलीत?"

"एवढ्यात नाही," धाकटी मच्छरदाणीत शिरता शिरता म्हणाली. "मी पहिलीत होते तेव्हाच आत्यानं शिवलीय. मी सुई ओवून द्यायचे."

धाकटी आता तिसरीत होती, म्हणजे मच्छरदाणी दोन वर्षं पेटीच्या तळाशीच राहिली होती.

भाऊ मान खाली घालून पाण्याचा पेला शोधू लागला. आत्याचे कान गरम झाले. आत दोघी बहिणी कुणी कुठल्या कडेला झोपायचं यावरून भांडत होत्या आणि थोरली आपल्या बारा मिनिटांचा हिशेब देत होती.

वहिनी बराच वेळ मच्छरदाणीची शिवण बोटाने चाचपत राहिली. टाके बारीक होते, एकही सुटलेला नव्हता. मग तिने पिशवीतून माप घ्यायची टेप काढली आणि आत्यापुढे धरली.

"ताई, धाकटीचं माप तुम्हीच घेऊन द्या," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी आमच्याकडे येऊन पुन्हा घ्या."