सासऱ्यांच्या खिडकीतल्या तबकड्या

शुक्र सांगून झाला. विमान सांगून झालं. ड्रोन, हवामानाचा फुगा, कुणीतरी सोडलेला कागदी कंदील, सगळं सांगून झालं. काचवाल्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता आणि सासरे शांतपणे वही उघडून बसले होते.

"शुक्र मावळतो, जावईबापू. हे मावळत नाहीत. समोरच्या कारखान्याच्या चिमणीच्या अकरा अंश वर, एकाच जागी. तीन दिवे. दोन दिव्यांत दोन अंश."

"मग परवा का नाही आले?"

"परवा वीज गेली होती."

"त्याचा काय संबंध?"

"विजेच्या तारांतून ताकद घेत असणार. साधी गोष्ट आहे."

काचवाल्याने कपाळावर हात मारला.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं जमिनी मोजल्या. निवृत्त झाले, वर्षभरात सासूबाई गेल्या आणि माणूस बोलायचाच बंद झाला. खिडक्या गळायच्या म्हणून काचवाल्याने गेल्या महिन्यात नव्या दुहेरी काचा बसवून दिल्या, आणि आठवड्याभरात सासऱ्यांना आभाळात उडत्या तबकड्या दिसायला लागल्या. आता रोज तोच कार्यक्रम. संध्याकाळी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायचं, हॉलचा दिवा घालवायचा, खुर्चीत बसायचं, समोर तिपाईवर कोन मोजायचं जुनं यंत्र. आणि बोलणं तर इतकं, की थांबवता थांबेना.

बरं, घरातल्या घरात राहिलं असतं तर चाललं असतं. पण त्यांनी पेपरला पत्र पाठवलं.

"उद्या वार्ताहर येतोय," बायको म्हणाली. "बाबांच्या हाताखालची निम्मी माणसं अजून मोजणीच्या कचेरीत आहेत. हसतील रे सगळे. काहीतरी कर."

"काय करू? आभाळ पुसून देऊ?"

"काचा पुसतोस ना? मग तेही पूस."

वार्ताहर आला तो एक डोळा फोनवर ठेवूनच. दाराशीच टेकून उभा राहिला. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्यांनी हॉलचा दिवा घालवला आणि काचवाल्याला चक्क स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"आज तुम्हीच बघा. मग बोला."

काचवाल्याने बघितलं. खरंच होते. चिमणीच्या वर, तिरके, एका ओळीत तीन दिवे. पहिला ठळक, दुसरा मंद, तिसरा जेमतेम.

तेवढ्यात तिन्ही एकदम गेले. परत आले.

"इशारा!" सासरे ओरडले. "घड्याळ बघा! लिहून घ्या!"

काचवाल्याने मान मागे वळवली. स्वयंपाकघराच्या दारातून आतला बल्ब दिसत होता आणि बायको खालच्या फळीवरून साखरेचा डबा काढून उभी राहत होती.

"ए, जरा परत तिथेच उभी राहा ना."

"काय?"

"बल्बच्या पुढे ये. आता वाक."

ती वाकली. दिवे आले. ती उठली. दिवे गेले.

"हा काय चावटपणा चाललाय?" ती आतून म्हणाली.

काखेत कळसा! तीन आठवडे तो आभाळ धुंडाळत होता आणि बल्ब पाठीमागे लटकत होता. वीज गेली की बल्ब नाही, बल्ब नाही की तबकडी नाही. त्याने मोठ्या खुशीत सगळं समजावून सांगितलं. सासऱ्यांनी उठून दोनदा बल्ब बंद-चालू केला, काचेत बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं. मग हळूच म्हणाले, "बल्ब एक आहे. दिवे तीन का?"

वार्ताहर हसला. "आजोबा, चष्मा शेवटचा कधी तपासलात? झकास मथळा मिळाला बघा. चष्म्यातल्या तबकड्या!"

सासऱ्यांनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली. सासूबाई गेल्यावर ते असेच बसायचे, अगदी असेच.

तीन का, हे काचवाल्याला डोकं वळवलं तेव्हाच कळलं होतं. दोन काचांमध्ये चारी बाजूंनी सारख्या जाडीची पट्टी लागते. त्या दिवशी वरच्या कोपऱ्यात पट्टी कमी पडली, तर त्याने एक पातळ तुकडा दामटून दिला. म्हणून काचा वर जवळ, खाली लांब, आणि एकाच दिव्याची तीन प्रतिबिंबं फाकलेली. कुणाला कळलं नाही. खपून गेलं. खपलं म्हणून पुढच्या आठ घरांतही तोच तुकडा.

गप्प बसला असता तर दुकानाचं नाव शाबूत राहिलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

"चष्मा नाही हो," तो वार्ताहराला म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच इतका संताप आला की आवाज चढला. "काच वाकडी बसलीये. मी बसवलीये. तीनच दिसतात, मलाही दिसले. दाराशी उभं राहून काय दिसणार? या, इथे खुर्चीत बसा!"

वार्ताहर बसला. बघितलं. "अरे, तीन आहेत की."

सासऱ्यांनी वही पुन्हा उघडली. "अंश बरोबर होते ना, जावईबापू?"

"सगळे बरोबर होते, बाबा."

"मग लिहा हो," ते वार्ताहराला म्हणाले. "मोजणी बरोबर, काच चुकीची."

आणि त्या नालायकाने तसंच छापलं. दुकानाच्या नावासकट. सकाळी दहाच्या आत आठही घरांतून फोन.

काचवाला गाडीत पट्ट्या भरून निघाला तर पुढच्या सीटवर सासरे आधीच बसलेले. मांडीवर यंत्र, हातात टॉर्च.

"बाबा, चूक कुठे आहे ते मला माहितीये."

"माहिती असणं वेगळं आणि मोजलेलं असणं वेगळं. चला."

दुपारपर्यंत तीन घरं झाली. तिसऱ्या घरी काचवाला बाहेरच्या बाजूने शिडीवर लोंबकळत होता आणि आतून सासरे टॉर्च धरून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडत होते.

"दीड अंश!"

"हळू बोला ना, बाबा!"

"दीड! आधीच्या घरापेक्षा बरं काम आहे!"