पाटाएवढी कोरडी जागा

निवृत्त माणसानं पेपर वाचावा, दुपारी जरा लवंडावं, कुणाच्या अध्यात ना मध्यात असावं. पण हे ड्रायव्हरकाकांना सांगणार कोण? सिटी बस चालवण्यात हयात गेली आणि आता त्यांनी घरच्या गॅरेजचा कोबा मनावर घेतला होता. "मला आता कुठे जायचंय?" असं म्हणत गाडी विकून टाकली आणि रिकाम्या गॅरेजात गुडघे टेकून तारेच्या ब्रशनं तेलाचे डाग घासायला बसले. गाडीनं वर्षानुवर्षं गाळलेलं ते काळं ऑइल सिमेंटनं पोटभर पिऊन घेतलेलं. साबण झाला, गरम पाणी झालं, शेवटी घासायचं मशीन भाड्यानं आणलं. त्याचा असा धुरळा उडाला की शेजारीण वाळत घातलेले कपडे गोळा करून आत गेली आणि जाता जाता चार शब्द सुनावून गेली.

हा सगळा खटाटोप सुनेसाठी होता. ती शिवणाचे क्लास घ्यायची. बाहेरच्या खोलीत तीन मशिनं, शिकायला येणाऱ्या बायका, कपट्यांचे ढीग. खुर्चीवर टेकायचं तर आधी टाचणी नाही ना ते चाचपायचं. काकांनी ठरवलं, गॅरेजात तिला ऐसपैस क्लास थाटून द्यायचा. खाली इपॉक्सीचा रंग, असा गुळगुळीत की सुई पडली तरी दारातून दिसावी.

खरं सांगायचं तर सुई हे निमित्त. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेला, तेव्हा काकांनी दारात उभं राहून त्याला बजावलं होतं, "हे घर आता हिचं. तू आलास तर पाहुणा म्हणून ये." तो पाहुणा म्हणूनही फिरकला नाही. यथावकाश घटस्फोट झाला. काकांची बायको त्याआधीच गेलेली. घरात उरले ते, सून आणि पहिलीतली नात. नातीच्या पायाला थारा नसायचा म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. या दोघी राहिल्या तर ते घर, नाहीतर नुसत्या भिंती, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. आणि जिचा क्लास आपल्या गॅरेजात, ती बाई कुठे जात नाही, असं त्यांचं सरळ गणित होतं.

तोंडानं मात्र ते अधूनमधून म्हणायचे, "पोरी, तुझं वय ते काय! चांगला माणूस बघून लग्न कर." म्हणायला काय जातं? सून हसून विषय बदलायची आणि काका निर्धास्त व्हायचे. अलीकडे ती हसत नव्हती, नुसताच विषय बदलत होती. एवढा फरक माणसाला कळायला हवा. पण काकांचं डोकं तेव्हा कोब्याच्या भेगांत अडकलं होतं.

सूनही कामाला लागली होती. भेगांत लांबीचं पुट्टं भरताना ती जोडीला, धूळ ओढून घेताना ती जोडीला. जमिनीत ओल आहे का ते बघायला काकांनी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी पट्टीनं चिकटवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो सोडवला तर खाली ठणठणीत कोरडं. काकांना कोण आनंद झाला! सून मात्र कोरड्या सिमेंटकडे बघत म्हणाली, "निदान आठवडाभर तरी थांबावं लागेल असं वाटलं होतं मला." काकांना वाटलं, पोरगी दमली असेल.

प्रायमर वाळला आणि रंगाचा दिवस उजाडला. दुकानदारानं बजावून ठेवलं होतं, "काका, रंगात हार्डनर ओतला की मागे फिरणं नाही. अर्ध्या-पाऊण तासात हात उरकायचा, नाहीतर डब्यातच दगड." म्हणून सगळं ठरवून घेतलं होतं. काका ब्रशनं भिंतीलगतच्या कडा रंगवत पुढे राहणार, सून मागच्या भिंतीपासून रोलर फिरवत उलट्या पावली शटरकडे येणार. ओल्यात पाय टाकायची वेळ आलीच तर ठसा उमटू नये म्हणून तळाला खिळे असलेले, पट्ट्यांनी बांधायचे जोडे होते, ते तिनं घातले.

हार्डनर ओतून काकांनी डबा ढवळला आणि मागच्या कोपऱ्यात ब्रश घेऊन बसले. राखाडी रंगाचा पहिला पट्टा असा झकास उमटला की त्यांना राहवेना.

"बरं, पाटी करायला टाकतोय. क्लासचं नाव काय लिहायचं?"

सून ट्रेमध्ये रोलर बुडवत होती. ती तशीच थांबली.

"पाटी नका करू, बाबा."

"का गं?"

"मी लग्न करतेय." आणि मग एका दमात, थांबले तर संपलेच अशा घाईनं, ती बोलत गेली. माणूस चांगला आहे. कापडाच्या दुकानात ओळख झाली. त्याची नोकरी दुसऱ्या गावी आहे. पुढच्या महिन्यात जायचंय. "डाग निघाले की सांगू म्हटलं, मग भेगा बुजल्या की सांगू म्हटलं. तुम्ही एवढे खुशीत होतात... माझी जीभच रेटेना."

इतक्या वर्षांत काकांवर बस कधी अशी करकचून थांबवायची वेळ आली नव्हती, आणि इथे तर ब्रेकच नव्हता. रंग घट्ट व्हायला लागला असणार.

"रोलर फिरव," ते म्हणाले. "वाळेल."

दोघं कामाला लागले. कुणी कुणाकडे बघेना. सुनेच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि पुसायला हात मोकळे नाहीत. काका कोपऱ्यातली तीच वीतभर कड पुन्हा पुन्हा रंगवत बसले. एव्हाना त्यांनी कडेकडेनं पुढे सरकायला हवं होतं. सुनेला ते दिसत होतं. पण एवढं सांगून झाल्यावर त्याच तोंडानं "बाबा, सरका" म्हणायचं तिच्या जिवावर आलं. तिनं त्यांच्या भोवतीनं रोलर फिरवला. काकांनाही ते दिसलं. तेही सरकले नाहीत. राहिलेल्या कडासुद्धा तिनंच रोलरनं जमतील तशा उरकल्या.

ती शटरपाशी पोचून बाहेर उतरली, तेव्हा सगळं गॅरेज लखलखत होतं आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात, पाटाएवढ्या कोरड्या जागेवर, काका ब्रश आणि उरलेल्या रंगाचा डबा घेऊन उभे होते.

"अगं बाई," सून म्हणाली. एरवी दोघं पोट धरून हसले असते. तिनं खाली बसून पट्टे सोडले. "हे जोडे फेकते. ते घाला आणि या बाहेर."

"राहू दे. बरं आहे इथे."

"बाबा, उद्या सकाळपर्यंत वाळणार नाही ते."

"मग उद्या येतो."

"रंग घट्ट होईल. तेवढा तुकडा कोरा राहील."

"राहू दे की. कुणाला इथे क्लास घ्यायचाय?"

बोलून गेले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण पाय हलेनात. आपण आत आहोत तोवर ही दारात बसून राहणार, एवढंच त्यांना कळत होतं. लहान पोरासारखा हट्ट होता तो, आणि त्यांनी तो सोडला नाही. सून जोडे मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली. ती दारात, ते कोपऱ्यात, मध्ये तो ओला रंग.

शाळेची व्हॅन वाजली. भिंगरी दप्तरासकट धावत आली. आईनं तिला फ्रॉकला धरून अडवलं.

"आजोबा! तिकडे कसे गेलात?"

"चुकलो," काका म्हणाले.

तिला भलतीच गंमत वाटली. ती आईच्या शेजारी फतकल मारून बसली, आईचा चेहरा बघितला, आजोबांचा बघितला आणि हळूच विचारलं, "आई, सांगितलंस?" आईनं मान डोलावली. मग काय, इतके दिवस दाबून धरलेलं सगळं पोरीच्या तोंडून सांडलं. तिकडे गच्ची आहे. तिकडे कुत्रा आहे, काळा, तो हात चाटतो. "आणि तिकडे पण आजोबा आहेत! ते मला पत्ते शिकवणारेत."

काकांनी डबा खाली ठेवला. म्हणजे पोरीला ठाऊक होतं. कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं म्हणायचं.

"हो का?" ते म्हणाले. "त्यांना काय म्हणतेस तू?"

"आजोबा."

"आणि मला?"

"तुम्हाला पण आजोबा." मग तिच्या कपाळाला आठी पडली, अडचण तिच्या ध्यानात आली होती. एकाच नावाची दोन माणसं, हाक मारली तर यायचं कुणी? थोडा विचार करून तिनं निकाल लावला. "तुम्हाला जुने आजोबा म्हणीन. चालेल?"

"भिंगरे, गप्प!" आई ओरडली.

"ओरडू नकोस तिला," काका म्हणाले. आवाज फुटला म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. रंगाचा उग्र वास नाकाडोळ्यांत जात होता. कुणी विचारलंच तर वासावर ढकलता आलं असतं. कुणी विचारलं नाही. सून दारात पदर तोंडाला लावून बसली होती.

मग ते वळले. "फेक ते जोडे."

पहिला जोडा त्यांनी झेलला, दुसराही. आधी चपला काढून कमरेला खोचल्या, मग जोडे पायाला बांधले, एक पाय ओल्या रंगात टाकला, मग दुसरा, आणि वाकून आपली उभं राहण्याची जागा रंगवायला घेतली. रंग मधासारखा चिकट झाला होता, ब्रश ओढावा लागत होता. त्यांनी तो नेटानं ओढला. कोरडं सिमेंट ताटाएवढं झालं, वाटीएवढं झालं, संपलं.

कमरेला हात लावून ते सरळ झाले आणि डबा-ब्रश घेऊन पाय उचलत, टाकत, दाराकडे निघाले.

"जुने आजोबा, हळू या हं! पडाल!" भिंगरी दोन्ही हात पुढे करून ओरडली.

काका एक क्षण थांबले.

"आलो," ते म्हणाले.